नजरगहाण

बँकेच्या मराठीत काही शब्द असे आहेत की ते घडवणारा माणूस मुळात कविता करायला निघाला होता आणि वाटेत त्याला नोकरी लागली, अशी शंका येते. 'नजरगहाण' हा त्यातलाच. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कॉलेजचा जिना आला होता. बँकेत त्याचा अर्थ पिठाची गिरणी असा होतो. म्हणजे असं की, सोन्याची बांगडी आम्ही तिजोरीत ठेवून घेऊ शकतो, पण गिरणी तिजोरीत मावत नाही. म्हणून ती कर्जदाराच्याच घरी राहते, तोच ती चालवतो, पीठही त्याच्याच अंगावर उडतं. फक्त नजर बँकेची. मधूनमधून आमचा एखादा अधिकारी जातो, गिरणीकडे बघतो, 'बघितली' असं लिहून सही करतो आणि परत येतो.

मी स्वतः बघायला जात नाही. मी कारकून. २०२४ च्या वेतनकरारापासून आम्हांला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण त्यामुळे खिडकीपुढची रांग कमी झालेली नाही. बी.कॉम. झाल्यामुळे मला जमा आणि नावे या दोन गोष्टी कळतात. या दोन्हींत न बसणारा प्रश्न आला की मी चहा मागवतो, आणि चहा संपेपर्यंत प्रश्न बहुधा दुसऱ्या खिडकीवर गेलेला असतो. पण एक प्रश्न असा निघाला की तो चहाने हटेना. कारण तो सरबताचा होता.

प्रश्न ऐकायला साधा आहे. कुणी एक बाई घरी सरबत करते. तिला ते वाढवायचं आहे. तर सरकारने, म्हणजे तुम्हीआम्ही, तिला पैसे द्यावेत का? द्यावेत, तर कुठल्या हक्काने? आणि तिने ते घ्यावेत, तर कुठल्या तोंडाने?

आमची शाखा रत्नागिरी जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी आहे. तिथे आमच्या चाळीमागे एक वहिनी राहतात. यजमान एस.टी.त कंडक्टर. वहिनी गेली बारा-तेरा वर्षं कोकमाचं सरबत करून विकतात. एप्रिल-मे महिन्यांत वाडीतल्या चार बायका मदतीला येतात. कोकमं फोडायची, बिया काढायच्या, वाट्यांत साखर भरायची, बरणीत थर लावायचे आणि उन्हाने रस सुटेपर्यंत रोज ढवळायचं. मीठ घातलं की आगळ, साखर घातली की अमृत कोकम. आणि दोन्ही घालावं की नाही यावर घराणी भांडलेली आहेत. पाक झाला की नाही हे वहिनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तार धरून ठरवतात. सरकारचं म्हणणं असं की फळाच्या सरबतात रस निदान २५ टक्के हवा आणि विरघळलेले घटक ६५ टक्के. मी एकदा एका प्रयोगशाळेचा कागद पाहिला. वहिनींच्या बोटांचा अंदाज त्यापासून फार लांब नव्हता.

अडचण एकच, बाटल्यांची. कोकणात आगळ कशातून येतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दारूच्या रिकाम्या बाटल्या उकळत्या पाण्याने इतक्या निष्ठेने धुतल्या जातात की मूळ मालकाला पश्चात्ताप व्हावा. तरीही आमचे एक मास्तर, निवृत्त, माळकरी, भर दुपारी बाजारातून अशी एक उंच, चौकोनी, ओळखीच्या आकाराची बाटली काखेत मारून चालले, की ओळखीचे लोक दुसरीकडे बघत आणि अनोळखी लोक नमस्कार करत.

हे मास्तरच पुढे माझ्या प्रश्नाच्या मुळाशी आले. पण आधी योजना.

२०२० साली केंद्राने एक योजना काढली. नाव लांब आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. लोणचं, पापड, सरबत असलं करणाऱ्या लहान माणसाला यंत्रं घ्यायला बँकेने कर्ज द्यायचं आणि प्रकल्पाच्या खर्चातला ३५ टक्के भाग, जास्तीत जास्त दहा लाख रुपये, सरकारने अनुदान म्हणून द्यायचा. त्या अनुदानातले साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. अर्ज कृषी खात्याकडे, तपासणी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे, आणि शेवटी फाईल आमच्या दारात. समजा दहा लाखांचा प्रकल्प. एक लाख आपला, नऊ लाख बँकेचे, आणि त्या नऊतले साडेतीन सरकार भरणार. पण लगेच हातात नाही! ते पैसे बँकेतच एका वेगळ्या खात्यात पडून राहतात. तीन वर्षं धंदा चालू राहिला आणि हप्ते थकले नाहीत, तरच कर्जातून वजा होतात. सुनेला दागिने घालायचे, पण कुलपाची किल्ली तीन वर्षं सासूकडे, असा हा प्रकार आहे, आणि मला तो पसंत आहे.

वहिनींना हे कुणीतरी सांगितलं आणि त्या २०२४ च्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आमच्याकडे आल्या. ताट ठेवलं, इकडचं तिकडचं झालं, आणि म्हणाल्या, "भावोजी, घेऊ का हो मी कर्ज?"

बँकेत नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो विचारताना लोकांना व्याजाचा दर हवा असतो. वहिनींना दर माहीत होता. त्यांना दुसरंच काही हवं होतं. मी दर सांगायला तोंड उघडलं तशा त्या म्हणाल्या, "तसं नाही. घेणं बरोबर आहे का?"

मी चकल्या पुढे केल्या. (चहा नुकताच झाला होता.)

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ओट्यावर हा विषय हातात घेतला. गावात बातमी कळायला फराळाचं ताट परत जायचीसुद्धा वाट बघावी लागत नाही. मास्तर म्हणाले, "हे बघ, मला मधुमेह आहे. तिचं सरबत मी एक थेंब पिणार नाही. आगळ घेतो ते आमटीपुरतं. मग माझ्या कराच्या पैशातून तिची यंत्रं का?"

"मास्तर, ते कर्ज आहे. ती फेडणार."

"फेडली तर तिचा फायदा. बुडाली तर तोटा कुणाचा? सगळ्या गावाचा. फायदा एकटीचा आणि तोटा सार्वजनिक, हा कुठला न्याय?"

मास्तरांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं आहे. मी शाखेतून शिकून आलेला एक बाण काढला. "मास्तर, तुमची ठेव आमच्या बँकेत आहे. तिचं व्याज कोण देतं? मॅनेजर खिशातून देत नाही. ज्यांना आम्ही कर्ज देतो ते देतात. उद्या वहिनींचा हप्ता येईल, त्यातूनच तुमच्या औषधाच्या गोळ्या येतील."

मास्तर जरा थांबले. मग म्हणाले, "कर्जाचं ठीक. पण अनुदानाचं काय? ते तर ती फेडणारच नाही."

इथे मी खरोखर अडकलो. कारण वाणिज्य शाखेत घसारा शिकवतात, परोपकार शिकवत नाहीत. रात्री मी खूप विचार केला. बायको म्हणाली, "एवढा विचार स्वतःच्या घराच्या कर्जाचा केला असतात तर!" तो भाग वेगळा.

आपल्याकडे सरकारने उद्योगाला हात देणं नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता. तिथल्या नगरपालिकेला जागा हवी झाली आणि त्यांना तिथून उठावं लागलं. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, पैशाचंही साहाय्य केलं, आणि १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली. पुढे तिथून नांगर आले, उसाचे चरक आले. म्हणजे कितीतरी गावांनी त्या मदतीचा रस पेला असंही म्हणता येईल. एका स्थानिक सरकारने उठवलं, दुसऱ्याने बसवलं. मला या गोष्टीत आवडतं ते हे की राजाने माणूस पाहिला होता. त्याच्याशी बोलला होता. बुडालं असतं तर लोक म्हणाले असते, राजाने चुकीच्या माणसावर भरवसा ठेवला. भरवशाला एक धनी होता.

आता समिती असते. समितीत आठ-दहा माणसं, शिवाय संगणक, शिवाय सिबिलचा आकडा. सगळे मिळून मंजुरी देतात, आणि कुणालाच विचारता येत नाही की बाबा रे, तू हिच्यावर भरवसा ठेवलास का? तो म्हणेल, मी निकष पाहिले. अर्थात राजाचीही दुसरी बाजू आहे. ज्याच्याकडे राजाचं लक्ष गेलं नाही तो लोहार जन्मभर फाळच ठोकत बसला असेल, आणि त्याचं चरित्र कुणी लिहिलेलं नाही. समितीला चेहरे दिसत नाहीत, म्हणून तर कंडक्टरच्या बायकोचा अर्ज तिथवर जातो. राजवाड्याच्या पायऱ्या वहिनी काही चढल्या नसत्या.

सरकारने स्वतःच पेय करावं, हाही प्रयोग झाला आहे. १९७७ साली कोका-कोला आपला अर्क आणि गुपित घेऊन देशातून गेली, तेव्हा दिल्लीला वाटलं, यात काय मोठं? मैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेने अर्क तयार केला आणि मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीने 'डबल सेव्हन' नावाचा कोला बाजारात आणला. सत्त्याहत्तर साल म्हणून डबल सेव्हन. पाव करणाऱ्यांनी कोला काढला, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पेयाचं नाव निवडणुकीच्या सालावरून ठेवलं की ते पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकायचं. तसंच झालं. तेव्हा सरकारने सरबत करू नये एवढं सिद्ध झालेलं आहे. सरबत करणाऱ्याला पैसे द्यावेत का, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि तीच कोका-कोला! २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यात, लोट्याला, तिच्या बाटल्या भरणाऱ्या कंपनीच्या कारखान्याचं भूमिपूजन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झालं. मांडव, नारळ, सगळं. मास्तरांनी ती बातमी मला वाचून दाखवली होती, आणि जिल्ह्याची प्रगती झाली म्हणाले होते. त्यांना मधुमेह तेव्हाही होता. मोठ्या उद्योगांसाठी महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. कराचा परतावा, वीजशुल्कात माफी, मुद्रांकशुल्कात माफी, असं तिचं स्वरूप. कुठल्या कंपनीला त्यातलं काय मिळतं ते मी सांगत नाही. तो माझ्या खिडकीचा विषय नाही. मला फक्त शब्दांची गंमत वाटते. हजार कोटीवाल्याला देतात त्याला 'प्रोत्साहन' म्हणतात, कोटीवाल्याला देतात त्याला 'अर्थसाहाय्य' म्हणतात, आणि वहिनींना देतात त्याला 'अनुदान' म्हणतात. घेणं बरोबर आहे का, हा प्रश्न मात्र तिघांपैकी एकालाच पडतो. आणि तोच कमीत कमी घेणारा असतो.

हे मी मास्तरांना म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "मोठा चुकतो म्हणून लहानाने चुकायचं का?" गणिताच्या शिक्षकाशी वाद घालू नये.

पण अनुदानाचं उत्तर मला दोन दिवसांनी सापडलं, आणि तेही योजनेच्या नावातच. त्या लांबलचक इंग्रजी नावात एक शब्द आहे, 'फॉर्मलायझेशन'. म्हणजे ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांना नोंदीत आणणं. वहिनी इतकी वर्षं कुणाच्याच वहीत नव्हत्या. परवाना नाही, लेबल नाही, दारूची बाटली आणि बोटांचा अंदाज. उद्या सरकार म्हणणार, नवी बाटली घे, तिच्यावर घटक छाप, बॅच नंबर घाल, तारीख घाल, हिशेब ठेव, प्रयोगशाळेत नमुना पाठव. हे सगळं कशासाठी? पिणाऱ्यासाठी, म्हणजे गावासाठी. तिचं स्वतःचं सरबत तिच्या घरात कुणाला बाधलेलं नाही. तेव्हा साडेतीन लाख हे दान नव्हे. गावाने तिला आपल्या वहीत यायला सांगितलं, त्याचं हे जाण्यायेण्याचं भाडं आहे. मास्तरांना हे पटलं की नाही कळलं नाही, पण ते "हं" म्हणाले. मास्तरांचं "हं" म्हणजे दहापैकी सहा मार्क.

इतकं तत्त्वज्ञान झाल्यावर मला वाटलं, सुटलो. तर खरा घोळ पुढेच होता.

अशा अर्जांबरोबर प्रकल्प अहवाल लागतो. तो करून देणारे लोक असतात, आणि ते वाईट लोक नसतात. त्यांच्याकडे एक साचा असतो. त्यात पापडाच्या जागी सरबत घातलं की अहवाल तयार. वहिनींचा अहवाल आला. दहा लाखांचा प्रकल्प. पल्पर, वाफेची कढई, बाटल्या भरण्याचं यंत्र, झाकणं लावण्याचं यंत्र. वहिनी वर्षाला अडीच-तीन हजार बाटल्या करत. अहवालात पहिल्या वर्षी आठ हजार, मग बारा, मग सोळा, आणि पाचव्या वर्षी पंचवीस हजार! आमच्या अख्ख्या तालुक्याला त्यात आंघोळ घालता आली असती.

मी आजवर शेकडो प्रकल्प अहवाल हाताळले, टाचणी लावली, पानं मोजली. त्यांत एक गोष्ट मी नेहमी पाहिली आहे. प्रकल्प अहवालात कधी पाऊस लवकर येत नाही. कुणी आजारी पडत नाही. उधारी बुडत नाही. पाचही वर्षं आकडे जिना चढत जातात, आणि पाचव्या मजल्यावरून कर्जदार हसतमुखाने आपल्याकडे बघत असतो. जगात इतकं सुख फक्त लग्नपत्रिकेत आणि प्रकल्प अहवालात असतं.

वहिनींनी तो अहवाल घरी नेला. दोन दिवसांनी परत आणला. म्हणाल्या, "मी ह्यावर सही नाही करणार."

"का हो?"

"कोकमाचं असं नसतं. चार-पाच वर्षांत एखादं वर्ष पावसाने जातंच. मेच्या शेवटी एक मोठी सर आली की झाडावरची कोकमं गेली. हे यात कुठे आहे?"

मी समजावलं, "वहिनी, हे नुसते अंदाज असतात. सगळे असेच लिहितात."

"सगळे लिहितात, पण खाली सही माझी ना?"

इथे माझ्या जमा-नावेच्या पलीकडचा मामला सुरू झाला. विचार करा. सरकारला भलं करायचं आहे. बँकेला उद्दिष्ट पुरं करायचं आहे. बाईला धंदा करायचा आहे. तिघांचाही हेतू चांगला, आणि तिघांच्या मध्ये एक कागद, जो तिला सांगतो की आधी थोडं खोटं लिही, मग आपण खऱ्या गोष्टी करू. आणि हे खोटं कुणाला फसवायला नाही! लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत, मंजूर करणाऱ्याला माहीत. ज्या खोट्याने कुणीच फसत नाही, ते खोटं असतं का? कॉलेजच्या वादविवादात असल्या विषयावर ढाल मिळायची. इथे उत्तर देणारी बाई स्वयंपाक टाकून आली होती.

मला वाटतं, ते खोटंच असतं. कारण फसवणूक लगेच होत नाही, ती तीन वर्षांनी होते. पंचवीस हजार बाटल्यांच्या हिशेबाने दहा लाखांचं कर्ज दिलं जातं. कर्ज खरं असतं. हप्ताही खराच असतो. फक्त बाटल्या खोट्या असतात. मग एका वर्षी पाऊस लवकर येतो, हप्ता चुकतो, नव्वद दिवस गेले की खातं 'थकीत'च्या यादीत, आणि मग लोक म्हणतात, बघा, या बायकांना कर्ज देऊन उपयोग नाही. आमचे एक जुने हेडकॅशिअर १९८० च्या दशकातल्या कर्जमेळाव्यांच्या गोष्टी सांगत. तेव्हा म्हशीसाठी कर्ज द्यायचे. हिशेबात म्हैस बाराही महिने दूध द्यायची. खऱ्या म्हशीला मध्ये आटायची सवय होती, ती कागदावर कुणी मांडलीच नव्हती. हप्ता मात्र बारमाही. ते म्हणत, "म्हैस प्रामाणिक होती रे. फॉर्म लबाड होता."

दुसरी गोष्ट वहिनींनीच दाखवून दिली. त्या म्हणाल्या, "मला एवढी यंत्रं नकोत. मला मे महिन्यात साखरेला पैसे लागतात." आणि हे शंभर टक्के खरं होतं. कोकमाचा सगळा खर्च पाच-सहा आठवड्यांत होतो. फळ तेव्हाच, साखर तेव्हाच, बायकांची मजुरी तेव्हाच. विक्री पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सावकाश. पण अनुदानाची नजर यंत्रावर असते. यंत्राचा फोटो निघतो, त्यावर बँकेचं नाव रंगवता येतं, मंत्र्यांना दाखवता येतं. साखर विरघळते. विरघळणाऱ्या वस्तूपुढे उभं राहून कुणी नारळ फोडत नाही. आणि एक रकाना मी कुठल्याच अर्जात पाहिलेला नाही : 'आहे एवढाच धंदा नीट चालू राहावा म्हणून'. वाढणार असाल तर या. तेवढेच राहणार असाल तर सरकारला तुमच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. शाळेत पोराची उंची दरवर्षी दारावर खुणेने मांडतात, तेवढं ठीक. चाळिशीच्या माणसाला त्याच दाराशी उभं करून 'का रे वाढला नाहीस?' विचारू लागलं तर कसं व्हायचं?

वहिनींनी अहवाल करणाऱ्याकडे जाऊन तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात आकडा निम्म्याहून खाली आणायला लावला. समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'पाऊस'. असा प्रकल्प अहवाल आमच्या शाखेच्या इतिहासात आलेला नव्हता. समितीने शेरा न मारता पुढे पाठवला, हे समितीच्या बाजूने नोंदवतो.

आमचे कर्जविभागाचे साहेब तरुण. मुजफ्फरपूरचे. बदली होऊन आले तेव्हा सोलकढी बघून त्यांनी "इसमें गुलाबी क्या है?" असं विचारलं होतं आणि मग तीन वाट्या प्यायले होते. त्यांनी आकडे संगणकात भरले. तिसरं वर्ष भरताच पडदा लाल झाला. हप्ता फेडायच्या ताकदीचा जो आकडा असतो तो त्या वर्षी एकाच्या खाली गेला. कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, बाई, तेवढा 'पाऊस' काढून टाका. साहेबांनी समासातला शब्द माझ्याकडून वाचून घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्या घरची लिचीची बाग आहे. लिची तीन आठवडे असते. वडील दर वर्षी आभाळाकडे बघत बसतात, आणि दर वर्षी कुठल्या तरी कागदावर लिहितात की सगळं छान होणार.

मग त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. पाऊस ठेवला आणि कर्ज कमी केलं. वाफेची कढई काढली, एक यंत्र मोठ्याऐवजी लहान घेतलं. सहा लाखांचा प्रकल्प. साठ हजार वहिनींचे, पाच लाख चाळीस हजार बँकेचे, त्यांतले दोन लाख दहा हजार पुढे सरकार भरणार. साखरेसाठी वेगळं छोटं कॅश क्रेडिट, आमच्या बँकेचंच, अनुदानाशिवाय. पुन्हा आकडे भरले. तिसऱ्या वर्षी आकडा एकाच्या जेमतेम वर राहिला. पडदा हिरवा. आमच्या शाखेचं उद्दिष्ट त्यामुळे साडेतीन-चार लाखांनी मागे राहिलं, त्याबद्दल वरून एक फोन आला. साहेबांनी तो इंग्रजीत घेतला.

माझ्या मते भरवशाला धनी मिळाला तो इथे. त्या माणसाने तिच्या आनंदी आकड्यांवर भरवसा ठेवला नाही. तिने ज्या दिवशी वाईट वर्ष लिहून आणलं त्या दिवशी ठेवला. लोकांचा पैसा कुणाला द्यावा याचं याहून चांगलं मोजमाप मला तरी माहीत नाही, आणि ते कुठल्याही परिपत्रकात नाही. असतं तर दुसऱ्याच दिवशी सगळ्या प्रकल्प अहवालांच्या तिसऱ्या वर्षी साचेबंद पाऊस पडू लागला असता.

पावसाने मात्र फाईल वाचली नव्हती. यंत्रं एप्रिलमध्ये बसली आणि २०२५ साली पावसाने तिसऱ्या वर्षाची वाट न बघता पहिलंच वर्ष धरलं. मेच्या विसाव्या तारखेपासूनच कोकणात धो धो. २५ मे रोजी मोसमी पाऊस महाराष्ट्रात आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचा. कोकमं झाडाखाली चिखलात. वहिनींना नेहमीच्या निम्मंही फळ मिळालं नाही. नव्या यंत्रावर बँकेचं नाव ताज्या रंगात, आणि यंत्र झाकून ठेवलेलं. त्या दिवसांत मी त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालून जात असे. त्यांनीच हाक मारली, "भावोजी, घाबरताय काय? लिहिलं होतं ना आपण!"

हप्ता सुरू व्हायला सहा महिने होते. साखरेच्या खात्यातली रक्कम निम्मी उरलीच होती. नोव्हेंबरात त्यांनी घाटावरून आवळे आणवले आणि तेच यंत्र आवळ्याच्या सरबताला लावलं. फार नाही, आठशे-नऊशे बाटल्या. हप्ते आजवर वेळेवर आहेत. पुढच्या पावसाचं मी काही सांगू शकत नाही.

मास्तर दर महिन्याच्या पाच तारखेनंतर पेन्शन काढायला येतात आणि खिडकीत तोंड घालून कुजबुजतात, "भरला का?" कुणाच्याही खात्याची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही असा नियम आहे. मी नियम सांगतो. ते म्हणतात, "नियम मला नको सांगूस, माझे पैसे आहेत त्यात," आणि माझ्या तोंडाकडे बघून काय ते ओळखतात. मग तिथून थेट वहिनींच्या शेडमध्ये जातात, यंत्रापुढे हात मागे बांधून उभे राहतात, बायकांना डोक्याला टोप्या घालायला लावतात. परवा त्यांनी नव्या बाटलीवरचं लेबल डोळ्यांजवळ धरून वाचलं. 'कृत्रीम रंग नाही' असं छापलं होतं. मास्तर म्हणाले, 'कृत्रिम'मधला त्रि ऱ्हस्व, आणि सार्वजनिक पैशातून दीर्घ चालणार नाही. हजार लेबलं छापून झाली आहेत. वहिनी विचारतायत, नव्या लेबलांचा खर्च प्रकल्पात बसतो का.